दिघे मॅडमचा शुक्रवार

गोळी घेऊन मोनाली कुशीवर वळते तेव्हा दुपार अजून कललेली नाही. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई मिक्सर फिरवतायत. घर्र होतं, थांबतं, पुन्हा घर्र होतं. डिसेंबरातलं नाशिक, खिडकीतून ऊन येतंय, पण त्याला ऊब नाही. खोलीतली जोडीदारीण रुबीना जाताना अंगावर दोन गोधड्या टाकून गेली आहे. "मी सहापर्यंत येते, तोवर उठायचं नाही," असं बजावून.

ताप खरा आहे. पण मोनाली ताप यायच्या आधीपासूनच या पलंगावर आहे. दिघे मॅडमच्या अंत्ययात्रेहून परत आली तेव्हापासून ती कुठेच गेलेली नाही. कॉलेजला नाही, कामालाही नाही. आईला फोनवर म्हणाली, मला घरी यायचंय, मला हे शिकायचंच नाही. आई म्हणाली, ये तर खरी, मग बघू. ताप उतरला की सटाण्याची गाडी धरायची, एवढं ठरलेलं आहे.

मोनाली देवरे एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय मानसशास्त्र. या वर्षी प्रत्येकाला बाहेर कुठेतरी काम करायला पाठवतात, त्याला सगळे प्लेसमेंट म्हणतात. मोनालीला मिळालं पंचवटीपलीकडचं एक छोटं केंद्र. मनाचा आजार वर्षानुवर्षं सोबत घेऊन जगणारी माणसं सकाळी तिथे येतात, कागदी पिशव्या करतात, जेवतात, संध्याकाळी घरी जातात. मोनालीने त्यांच्यात बसायचं, बोलायचं, ऐकायचं. आणि शुक्रवारी दुपारी कॉलेजात येऊन दिघे मॅडमसमोर बसायचं.

हेमलता दिघे मॅडमचा हा शुक्रवारचा तास इतर तासांसारखा नसायचा. खुर्च्या गोल मांडलेल्या, फळा कोरा. आठवडाभरात कामावर काय घडलं ते एकेकाने सांगायचं. कोणी सांगायचं, मी असं विचारलं, पेशंटने तसं उत्तर दिलं. मॅडम पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "हे त्याचं झालं. आता तुझं सांग. तुला काय झालं?"

सुरुवातीला कोणालाच कळायचं नाही, याला उत्तर काय द्यायचं. मग हळूहळू तोंडं उघडली. मला कंटाळा आला. मला किळस आली. मला माझे वडील आठवले आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही. मॅडम मान हलवायच्या. "हं. हे कामाचं आहे. हे लिहून काढ, आणि हे घेऊनच पुढच्या वेळी त्याच्यासमोर बस."

त्या सगळ्या शुक्रवारी मॅडमच्या पोटात कर्करोग होता. त्यांनी तो वर्गात कोणाला कळू दिला नाही. एकदा तास संपताना एवढंच म्हणाल्या, पुढच्या वेळी मी नसेन, तुम्ही आपले बसा. त्यानंतर एकदम बातमीच आली.

मोनालीला रडू आलं नाही. राग आला. गेलेल्या माणसावर रागवायचं कसं, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. मग ती पडूनच राहिली.

मिक्सर थांबतो. आता पुन्हा घर्र होईल म्हणून मोनाली वाट बघते. होत नाही. वाट बघता बघता तिच्या नाकात खळीचा वास येतो, पिठाची शिजवलेली, कोमट खळ. इथे खळ कोणी केली, असं तिच्या मनात येतं, आणि ती केंद्राच्या हॉलमध्ये उभी असते.

लांब टेबलावर कागद पसरलेत. पिशव्यांचे गठ्ठे छतापर्यंत गेलेत, त्यांच्या फटींतून उजेड येतोय. हॉलमध्ये एकटे भिका आहिरे बसले आहेत. पन्नाशीचा माणूस, मान खाली, हात चालू. दुमड, खळ, दाब. मोनाली पहिल्यांदा त्यांच्याशेजारी बसली तेव्हा कितीतरी दिवस त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मग एके दिवशी कागदांचा एक गठ्ठा त्यांनी तिच्याकडे सरकवला होता. तेच त्यांचं पहिलं बोलणं. त्यानंतर दोन शब्द, चार शब्द. ती शेवटची तिथे गेली त्या दिवशी तर त्यांनी त्यांच्या कानात बोलणाऱ्या आवाजाबद्दल सांगितलं होतं, की तो आवाज त्यांच्या थोरल्या भावासारखा आहे, आणि जाताना विचारलं होतं, "ताई, येणार ना परत?"

आता त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर चौकटीचा रुमाल पसरलेला आहे. एसटीत जागा धरायला टाकतात तसा.

मोनाली बसायला जाते.

"तिथं नाही," भिका म्हणतात. "जागा धरलेली आहे."

"कोणासाठी?"

"ताई येणार आहेत."

"मीच ती."

ते मान वर करून पाहतात. नीट, वेळ घेऊन पाहतात. ओळख कुठेच दिसत नाही. "त्या येतील," ते समजुतीच्या सुरात म्हणतात. जणू तिचीच काहीतरी चुकामूक झाली आहे आणि तिने वाईट वाटून घ्यायला नको. मग पुन्हा मान खाली. दुमड, खळ, दाब.

हॉल थरथरतो. एसटी सुरू होते. खिडक्यांच्या काचा खडखड वाजायला लागतात आणि बाहेरून कॉलेजचा व्हरांडा मागे पळतो. सूचनाफलक, पाण्याची टाकी, जिना, पुन्हा सूचनाफलक. मोनाली वरचा दांडा धरून पुढे सरकत जाते. पुढच्या बाकावर, खिडकीपाशी, दिघे मॅडम बसलेल्या आहेत. राखाडी शाल, मांडीवर पर्स. त्या आजारी दिसत नाहीत. बऱ्याही दिसत नाहीत. शुक्रवारी दिसायच्या तशा दिसतात.

"बस ना," त्या म्हणतात.

मोनाली बसते. त्या गेल्या आहेत हे तिला माहीत आहे, आणि ते माहीत असण्याने इथे काहीच अडत नाही.

"मॅडम, ते मला ओळखत नाहीत."

"कोण?"

"भिका आहिरे. जागा धरून बसलेत. मीच ती ताई, तरी मला बसू देत नाहीत."

मॅडम खिडकीबाहेर पाहतात. व्हरांड्यात कोणीतरी कपडे वाळत घातले आहेत. "हे त्यांचं झालं," त्या म्हणतात.

"पुढचं विचारू नका मॅडम. आज नको."

"बरं," मॅडम म्हणतात, आणि खरंच विचारत नाहीत. मोनालीला वाटलं होतं त्या थोडं थांबून तरी विचारतील. त्या पर्सचा पट्टा सारखा करत बसतात. अख्खा व्हरांडा निघून जातो तरी काही बोलत नाहीत. तेव्हा गाडी थांबते.

दोघी उतरतात त्या थेट मोनालीच्या वडिलांच्या कांदाचाळीत. बांबूच्या भिंती, वर पत्रा, दोन्ही बाजूंना छातीएवढा उन्हाळ कांदा रचलेला. मधल्या बोळात कॉलेजच्या खुर्च्या गोल मांडलेल्या आहेत. सगळ्या रिकाम्या. खाली कांद्याच्या सालीचा थर आहे, पाय टाकला की कुरकुर वाजतो.

मॅडम त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसतात. ढिगातला एक कांदा उचलून त्याचं वरचं साल अंगठ्याने सोडवायला लागतात. "तुमच्याकडचा?"

"हो."

"टिकाऊ दिसतो."

मोनाली समोर बसते. बांबूंच्या फटींतून उन्हाच्या तिरिपा येऊन मॅडमच्या हातावर पडल्या आहेत. त्या हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जायच्या, हे तिला आता आठवतं. दर आठवड्याला त्या थोड्या अधिक वर जायच्या. सगळे बघत होते. कोणीतरी कौतुकानेही म्हणालं होतं, मॅडम, बारीक झालात.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

मॅडमचा अंगठा थांबतो.

"आम्ही तिथे बसून काय काय सांगत होतो," मोनाली म्हणते. तिचा आवाज तिला वाटतो त्याहून मोठा येतो आणि चाळीत लांबवर जातो. "बस चुकली म्हणून चिडचिड झाली. पेशंट माझ्याशी नीट बोलला नाही म्हणून वाईट वाटलं. एवढं एवढं तुमच्यासमोर मांडत होतो. आणि तुम्ही ते सगळं पोटात घेऊन ऐकत होतात. आम्हाला कसं वाटलं असेल नंतर, तुम्ही विचार केलात का?"

"कसं वाटलं?"

"लाज वाटली."

"हं."

"हं म्हणू नका. तुम्ही सांगा. दर वेळी आम्हालाच विचारायचात."

मॅडम कांदा मांडीवर ठेवतात.  चाळीच्या टोकाला कुठेतरी गॅस पेटल्याचा आवाज येतो.

"सांगितलं असतं, तर तुम्ही माझी काळजी घ्यायला लागला असता," त्या म्हणतात. "घरी सगळे घेतच होते. जेवलीस का, झोपलीस का, दुखतंय का. चांगलीच माणसं ती. पण शुक्रवारी मी इथे यायचे आणि कोणीतरी मला सांगायचं, मॅडम, माझी बस चुकली. मला ते फार आवडायचं, मोनाली. आठवड्यातला तेवढाच एक वार होता, ज्या दिवशी मी आजारी नव्हते."

मोनाली विचारते, "ते बरोबर होतं का?"

"माहीत नाही. तुमच्या बाजूने पाहिलं तर नसेलही."

गॅसचा आवाज वाढतो. दोघी उठून चालायला लागतात. कांद्यांच्या भिंती संपतात तिथे मॅडमचं स्वयंपाकघर आहे. मोनालीने ते कधी पाहिलेलं नाही, तरी तिला ठाऊक आहे की मीठ कुठे आहे, कोणता कप्पा अडकतो. ओट्यावर दुधाचं पातेलं चढवलंय. मॅडम त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहतात, पाठमोऱ्या. दूध काठापर्यंत वर येतं आणि तिथेच थांबून राहतं. उतू जात नाही, खालीही बसत नाही.

मोनाली दाराच्या चौकटीला टेकते. तिला जो प्रश्न विचारायचा आहे तो तिचा नाही, मॅडमचा आहे. इतके महिने तो तिने ऐकला आहे. तो त्यांनाच परत विचारायचा म्हणजे आगाऊपणा होईल, असं तिला वाटतं. मग ती विचारते.

"मॅडम, तुम्हाला काय झालं?"

पाठमोऱ्या मॅडम किंचित हलतात.

"आजाराचं नाही विचारत मी."

"कळलं," मॅडम म्हणतात. "मला कोणी असं विचारलं नाही, म्हणून जरा वेळ लागतोय."

मोनाली थांबते. थांबायचं कसं हे त्यांनीच शिकवलंय. मध्ये बोलायचं नाही, खोकायचं नाही, समोरच्याला शब्द पुरवायचे नाहीत.

"भीती वाटली," मॅडम दुधाकडे पाहत म्हणतात. "लोकांना वाटतं, माणसाला रात्री भीती वाटते. मला सकाळी वाटायची. इथे उभी असताना. दूध उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं, आणि एकदम मनात यायचं, हे पातेलं असंच असणार आहे, हा गॅस असाच असणार आहे. मग दूध उतू जायचं. सून म्हणायची, आई, तुमचं लक्ष नसतं हल्ली." त्या थांबतात. "मनाबद्दल आयुष्यभर शिकवलं, आणि सुनेला एवढं सांगता आलं नाही की लक्ष नाही असं नाही, मला भीती वाटते."

"मग?"

"मग काय. ओटा पुसायचे."

मोनालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं. ती ते पुसत नाही. मॅडम वळून पाहतात आणि त्याबद्दल काही म्हणत नाहीत.

"शेवटी कोण होतं जवळ?"

"सगळे होते. काही हवंय का, काही हवंय का, असं विचारत होते. पाणी देत होते, उशी सारखी करत होते. कोणी नुसतं बसलं असतं, तर बरं झालं असतं." त्या हसतात, अगदी थोडं. "आणि पाय गार पडले होते. पण ते सांगावं असं सुचलं नाही. अजून गार आहेत."

आता त्या दवाखान्याच्या खाटेच्या काठावर बसल्या आहेत. स्वयंपाकघर नाही, पातेलं नाही. पांढरी चादर आणि पलीकडे एक लांबलचक, नुकतीच पुसलेली फरशी. त्यांचे पाय खाली लोंबतायत. टाचांना भेगा, नखं निळसर. मोनाली कधी त्यांच्या पाया पडलेली नाही. त्या पडूच द्यायच्या नाहीत. गुरुपौर्णिमेला मुलं वाकली की पाय मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, वर बघून बोला.

मोनाली खाली बसते आणि ते पाय मांडीवर घेते. मॅडम मागे घेत नाहीत. पाय इतके गार आहेत की तिच्या तळव्यांना झिणझिण्या येतात. ती चोळायला लागते. टाचेपासून बोटांपर्यंत, पुन्हा टाचेपासून. ऊब काही येत नाही. तिच्या स्वतःच्या पायात मात्र मोजे आहेत. तपकिरी लोकरीचे, रुबीनाच्या अम्मीने मालेगावात विणलेले. सकाळी हुडहुडी भरली तेव्हा रुबीनाने जबरदस्ती घातले होते. मोनाली ते काढते आणि मॅडमच्या पायांत चढवते. एक पाय, मग दुसरा. काठ ओढून घोट्याच्या वर नीट बसवते.

"तुला लागतील," मॅडम म्हणतात.

"असू देत."

मग ती काहीच बोलत नाही. काही हवंय का, असं विचारत नाही. फरशीवर बसून राहते, खाटेला टेकून, आणि मॅडम वर बसून राहतात. कितीतरी वेळ तसाच जातो. तिच्या डोक्यावर एक हात येतो, क्षणभर थांबतो.

"भिका आहिऱ्यांकडे कधी जाणार, असं नाही विचारलंत तुम्ही," शेवटी मोनालीच म्हणते.

"ते तुझं आहे."

"मी गेले आणि ते बोललेच नाहीत तर?"

"तर पिशव्या कर." मॅडम खाटेवरून उतरतात. पाय टेकून बघतात, एकदा, दोनदा, नवी चप्पल घालून बघावी तसे. "छान आहेत गं. गरम आहेत."

त्या चालायला लागतात. खाली फरशी असायला हवी, पण ती कांद्याची साल आहे. कुरकुर, कुरकुर. मोनालीला उठून मागे जायचं आहे. तिचे पाय उठत नाहीत. शाल लहान होत जाते. कुरकुर मात्र लांब जात नाही, उलट जवळ येते, कानाशी येते.

रुबीना टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडतेय.

"उठवलं का मी तुला? मोसंबी आणलीय." ती येऊन मोनालीच्या कपाळाला हात लावते. "घाम आलाय. उतरला वाटतं." मग तिचं लक्ष चेहऱ्याकडे जातं. "रडत होतीस?"

"हो."

रुबीना तिला पाणी देते. खिडकीबाहेर दिवेलागण झाली आहे. खाली कोणीतरी स्कूटर आत घेतंय. मोनाली अर्धा पेला पिते आणि तो हातात धरून बसते. ती रडायला लागते ती हळूहळू, आवाज न करता, आणि मग आवाज करून. बातमी आल्यापासून पहिल्यांदा. रुबीना तिच्या पाठीवर हात फिरवत राहते.

"उद्या मला सेंटरला जायचंय," रडणं ओसरल्यावर मोनाली म्हणते. "सकाळी उठव."

"ताप आला तर?"

"आला तर बघू."

"आणि आईकडे?"

"नंतर. सुट्टीत."

रुबीना मान हलवते. गोधड्या घडी करायला उचलते आणि थबकते. "मोजे का काढलेस?"

मोनाली खाली पाहते. दोन्ही पाय उघडे आहेत.

"कुठे टाकलेस? अम्मीने विणलेत ते." रुबीना गोधड्या झटकते. चादर उचलते. उशी, उशीचा अभ्रा, गादी आणि भिंत यांच्यामधली फट. ती गुडघ्यांवर बसून पलंगाखाली केरसुणी फिरवते. केसांची पिन निघते, पेनाचं टोपण निघतं, धूळ निघते. "खोलीबाहेर तर तू गेली नाहीस. जातील कुठे?"

 मोनाली पाय जवळ ओढून घेते. घोट्यांच्या जरा वर, दोन्ही पायांवर, विणीचा वळ उठलेला आहे. उभ्या उभ्या बारीक रेघा, ताज्या, लालसर. लोकरीचा घट्ट काठ आत्ता आत्तापर्यंत तिथे होता, असं सांगणाऱ्या. ती त्यांच्यावरून बोट फिरवते. कातडीत त्या अजून खोल लागतात.

रुबीना कपाटामागे केरसुणी घालते. मोनाली दोन्ही हातांनी घोटे धरून बसते. तळव्यांखाली त्या रेघा हळूहळू सपाट होत जातात.